भरलेली डावीकडे, रिकामी उजवीकडे: मासळीच्या पिकअपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विक्रोळीला एलबीएस मार्गालगत माझं सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंटचं वर्कशॉप आहे. दिवसाला आठ-दहा गाड्या रॅम्पवर चढतात आणि त्यातल्या बहुतेक तासाभरात हिरवा प्रिंट, म्हणजे सगळी मापं मर्यादेत असल्याचा मशीनचा कागद, घेऊन उतरतात. ही गाडी मात्र दोनदा आली, आणि पहिल्या वेळी मी तिला चुकीच्या अवस्थेत सोडलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. मालकिणीची परवानगी घेतली आहे. त्यांचं, ड्रायव्हरचं किंवा आधी काम केलेल्या मिस्त्रींचं नाव देत नाही. मॉडेलही लिहीत नाही, कारण जे झालं ते मॉडेलमुळे झालं नाही.

गाडी नऊ वर्षं जुनी डिझेल पिकअप. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). मालकीण कोळी, वय पन्नाशीच्या पुढे. धक्क्यावर सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही तेच म्हणतो. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा आणि दादर, कुर्ला, घाटकोपर करत मुलुंडपर्यंत पोचवायचा, हा त्यांचा रोजचा क्रम. गाडी भाचा चालवतो. पहाटे चारला क्रेट आणि बर्फ यांनी ठासून भरलेली गाडी सात-साडेसातपर्यंत हलकी होत जाते, आणि उरलेला दिवस जवळजवळ रिकामी धावते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर फिरलं.

टॉर्शन बार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कॉइल स्प्रिंगच्या जागी चॅसीच्या कडेने लांबीत बसवलेला स्प्रिंग स्टीलचा गज असतो. त्याचं पुढचं टोक विशबोनच्या आर्ममध्ये दातऱ्यांनी बसतं, मागचं टोक क्रॉसमेंबरपाशी, म्हणजे चॅसीच्या आडव्या पट्टीपाशी, एका छोट्या अँकर आर्ममध्ये. चाक वर गेलं की गज पिळला जातो आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. अँकर आर्मला एक ॲडजस्टिंग बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचं ते कोपरं वर उचललं जातं, सैल केला की खाली बसतं. २००० च्या सुमाराला रस्त्यावर आलेल्या टोयोटा क्वालिसच्या पुढच्या बाजूलाही हीच रचना होती, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना हा बोल्ट चांगला ठाऊक आहे. चांगला म्हणजे जरा जास्तच, कारण गाडीची उंची एका पान्यावर मिळते आणि सुटे भाग काहीच लागत नाहीत.

आणि इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. बोल्ट आवळल्याने गज कडक होत नाही. त्याचा कडकपणा ठरतो जाडी आणि लांबीवर. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: गज १० टक्के जाड असेल तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. बोल्टने या दोन्हींतलं काहीच बदलत नाही. बदलते ती फक्त उंची. गाडी जेवढा भार आधी पेलत होती तेवढाच नंतरही पेलते.

तक्रार आणि पहिली भेट

नारळी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले होते. पावसाने रस्त्यांची चाळण केलेली. दुपारी भाचा रिकामी गाडी घेऊन आला, मावशी सोबत होत्या.

"दादा, गाडी डावीकडे खेचतेय आणि पुढचा डावा टायर खातेय. अलाइनमेंट करून द्या," मावशी म्हणाल्या.

"आणि पुढून कडक झालीय," भाचा म्हणाला. "खड्ड्यात पडली की खाडकन आवाज येतो."

विचारल्यावर कळलं की मासेमारी बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात भरलेली गाडी डावीकडे बसायला लागली होती. धक्क्याजवळच्या एका मिस्त्रींनी भल्या पहाटे, माल भरलेला असताना, डाव्या टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी सरळ करून दिली. तेव्हापासून गाडी सरळ दिसतेय, पण खेचतेय.

रॅम्पवर घेतली. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, वरची कड बाहेर झुकली की तो धन. टो म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरांतला फरक. डावा कॅम्बर धन १ अंश ४० मिनिटं, उजवा धन २० मिनिटं. एकूण टो ७ मिलिमीटर बाहेर. गाडी नेहमी जास्त धन कॅम्बर असलेल्या चाकाकडे ओढते, आणि आपल्याकडे डाव्या लेनचा उतारही डावीकडेच असतो, त्यामुळे खेचण्याचं कारण समोर होतं. टो बाहेर जाण्याचंही होतं. या गाडीत टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकं वळवणारे दांडे) चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहेत. कोपरं उचललं की टाय रॉड तिरका होतो, त्याची आडवी पोहोच कमी होते आणि चाकाची मागची कड आत ओढली जाते. म्हणजे पुढची कड बाहेर.

७ मिलिमीटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. सुमारे ७०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर हिशोब केला तर प्रत्येक पुढचा टायर एका किलोमीटरमागे पाच मीटर आडवा घासला जातो. धक्का ते मुलुंड आणि परत, रोज.

मी मावशींना सांगितलं की डावा बोल्ट प्रमाणाबाहेर आवळलाय, तो आधी खाली घ्यायला हवा. त्यांनी ठाम नकार दिला. "तो खाली घेतला तर गाडी परत वाकडी होईल. एक क्रेट रस्त्यावर सांडला ना दादा, तर गिऱ्हाईक परत उभं करत नाय. तुम्ही फक्त टायर खायचं थांबवा."

निर्णयाचा पहिला टप्पा: टो लावायचा की गाडी परत पाठवायची

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. उंची दुरुस्त केल्याशिवाय अलाइनमेंटला हात लावणार नाही असं सांगायचं, किंवा त्या उंचीवर जमेल तेवढं करून द्यायचं. मी दुसरी वाट धरली. कॅम्बर कमी करायला शिममध्ये (आर्मच्या बैठकीतल्या पातळ पत्र्यांमध्ये) वाव उरला नव्हता, म्हणून टो ७ बाहेरवरून १ मिलिमीटर आत आणला, स्टिअरिंग मध्यावर बसवलं आणि टाय रॉडचे लॉकनट आवळले. प्रिंटमध्ये टोचे चौकोन हिरवे झाले, डाव्या कॅम्बरचा लाल राहिला. "कॅम्बर बाहेर आहे, बोल्ट खाली घ्यावा लागेल" असं मी पावतीच्या मागे लिहून दिलं आणि गाडी सोडली.

हे चुकलं, आणि बोल्ट खाली घेतला नाही एवढ्यापुरतंच चुकलं नाही. त्या दिवशी मी एक प्रश्न विचारायलाच हवा होता: मुळात गाडी डावीकडे बसली का? ड्रायव्हर बसतो उजवीकडे. शेजारी कुणी नसतं. मग डावी बाजू का बसावी? पिकअपच्या हौद्यातला बहुतेक भार मागच्या ॲक्सलवर जातो, पुढची चाकं त्याने फारशी दबत नाहीत. भरल्यावर गाडी एका बाजूला झुकते तेव्हा नजर आधी मागे गेली पाहिजे. माझी नजर मशीनच्या पडद्यावर होती, आणि मशीन चाकांचे कोन सांगतं. ते कोन कुणामुळे तसे झाले, हे सांगायची त्याची सोयच नाही.

दुसरी भेट

साधारण तीन आठवड्यांनी, गणपतीत, सकाळी नऊला भाचा परत आला. डाव्या टायरची बाहेरची कड आणखी झिजलेली. खोली मोजली: आतल्या बाजूला ६.३ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला ३.८. शिवाय एक नवी तक्रार. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की उजवं पुढचं चाक आधी लॉक होतं आणि गाडी डावीकडे जाते. सायनजवळ एका बेस्ट बसच्या मागे थोडक्यात वाचला होता तो.

योगायोग असा की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने माल घेतला नव्हता. गाडी अर्ध्याहून जास्त भरलेलीच माझ्या दारात आली. रस्त्यापलीकडून येताना मी तिला मागून पाहिलं आणि थांबलो. गाडी डावीकडे झुकलेली होती. तीन आठवड्यांपूर्वी रिकामी असताना डावी बाजू पुढून २२ मिलिमीटर उंच होती, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

भरलेली डावीकडे, रिकामी उजवीकडे. हे टॉर्शन बारचा बोल्ट एकटा करू शकत नाही. बोल्टने उंची एका ठरावीक मापाने बदलते, भार असो वा नसो. भाराबरोबर झुकाव वाढत असेल तर कुठेतरी एका बाजूची स्प्रिंग कमजोर झालेली आहे.

मागे गेलो, खाली पडून चॅसी आणि ॲक्सल यांमधलं बंप स्टॉपचं (ॲक्सल वर येऊन आपटू नये म्हणून लावलेल्या रबराचं) अंतर मोजलं. डावीकडे ४१ मिलिमीटर, उजवीकडे ६८. माल उतरवून परत मोजलं: ९६ आणि १०४. रिकाम्या गाडीत ८ चा फरक, भरलेल्या गाडीत २७ चा. डाव्या बंप स्टॉपचं रबर चेपून चकचकीत झालेलं. पाटे मात्र वरून धड दिसत होते. वायर ब्रशने गंज आणि खारट चिखल काढला तरी तडा दिसेना. शेवटी ॲक्सलला स्टँड लावून, पाटे ॲक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट सोडले. वरची प्लेट उचलली तसा दुसरा पाटा, सगळे पाटे मधोमध ओवणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून दोन तुकड्यांत माझ्या हातात आला. तुटलेल्या कडेचा तीन-चतुर्थांश भाग तपकिरी, एका कोपऱ्यात तेवढं करडं, ताजं पोलाद. म्हणजे तडा महिनोन्‌महिने वाढत होता, आणि यू-बोल्टच्या प्लेटखाली कुणाला दिसत नव्हता.

भाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पुढचं काहीच बिघडलं नव्हतं?"

तेव्हा नव्हतं. आता होतं.

कारणांची साखळी

मिस्त्रींना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्यांनी भरलेली गाडी पाहिली, जी मी पाहिली नव्हती. त्यांनी वाकडी गाडी सरळ केली. फक्त ती सरळ केली भरलेल्या अवस्थेत, आणि भार उतरल्यावर तुटका पाटा सैलावला तेव्हा पुढचा आवळलेला बोल्ट एकटाच उरला. त्याने डावं कोपरं वर ढकललं. त्याबरोबर वजनही सरकलं. एक कोपरं उचललं की त्याच्यावर आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. खुर्चीच्या एका पायाखाली घडी घातल्यासारखं. इथे पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर भार वाढला, पुढचं उजवं हलकं झालं. हलकं चाक ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर आधी घसरणारच, आणि त्या बाजूची पकड गेली की गाडी दुसऱ्या बाजूला वळणारच.

"कडक झाली" या तक्रारीचाही उलगडा झाला. डावा वरचा आर्म रिबाउंड स्टॉपच्या, म्हणजे चाकाची खाली जाण्याची हद्द ठरवणाऱ्या, रबराला जवळजवळ टेकलेला होता, मध्ये जेमतेम ५ मिलिमीटर जागा. खड्डा आला की चाकाला खाली जायला वाटच नव्हती. आर्म स्टॉपवर आपटायचा, तोच तो खाडकन आवाज. भाच्याला वाटत होतं गाडी मजबूत झाली. खरं तर चाकाची अर्धी हालचाल बंद झाली होती.

आणि माझा टो? रिकाम्या, उंच अवस्थेत मी तो १ आत लावला होता. भरल्यावर कोपरं खाली येतं, टाय रॉड आडवा होतो आणि टो आणखी आत जातो. भरलेल्या गाडीचा टो त्या सकाळी मोजला तेव्हा ६ मिलिमीटर आत निघाला. माझे टोचे हिरवे चौकोन फक्त रिकाम्या गाडीसाठी खरे होते.

पर्याय

गाडी रॅम्पवर ठेवून मी मावशींना फोन करून बोलावून घेतलं. चार गोष्टी समोर होत्या.

भाच्याचं म्हणणं, दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून द्या, म्हणजे प्रश्नच मिटला. धक्क्यावरच्या बऱ्याच गाड्यांना असे पाटे असतात. पण त्याने गाडीला भार पेलण्याचा परवाना मिळत नाही. चॅसी, ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात, आणि रिकामी गाडी मागून उड्या मारते.

दुसरा पर्याय, फक्त तुटका पाटा बदलायचा आणि पुढचं तसंच ठेवायचं. एका दिवसाचं काम, पण मग गाडी भरलेली असतानाही डावीकडून उंच राहिली असती.

तिसरा, बोल्ट खाली घेऊन अलाइनमेंट करायची आणि पाट्याचं काम दिवाळीनंतर बघायचं. मावशींनी एरवी हाच निवडला असता. पण यू-बोल्टखाली पाटा तुटलेला आहे हे कळल्यावर गाडी परत लोड घेऊन रस्त्यावर सोडणं मला शक्य नव्हतं, आणि या वेळी मी तसं स्पष्ट सांगितलं.

चौथा, क्रमाने सगळं: आधी मागचे पाटे, मग पुढची उंची, शेवटी अलाइनमेंट. गाडी दोन-तीन दिवस अडकणार. इथे दिवस कामाला आले. गणपतीत बऱ्याच घरी मासे शिजत नाहीत आणि लगेच पुढे पितृपक्ष. मावशींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तीन दिवस घ्या. पण परत यायला लावू नका."

काम

उरलेला माल दुसऱ्या टेम्पोत चढवून पाठवला. कुर्ल्याच्या पाटेवाल्याकडे दोन्ही बाजूंचे गठ्ठे गेले. पाटा तुटला होता डावीकडचाच, पण दुसरा पाटा दोन्हीकडे नवा घातला. एका बाजूला नवा आणि एका बाजूला नऊ वर्षं दबलेला पाटा ठेवला असता तर महिनाभरात तोच झुकाव उलट दिशेला आला असता. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही नवे. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळले की ताणले जातात, ते परत वापरू नयेत.

मग पुढे आलो. ॲडजस्टिंग बोल्टचे उघडे आटे मोजले: उजवीकडे १९ मिलिमीटर, डावीकडे ३१. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर, म्हणजे डावा बोल्ट उजव्यापेक्षा आठ फेरे जास्त आवळलेला. आणि गंजून दगड झालेला. हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी ब्रेक मारला की पुढे येतं, रस्त्याच्या उताराने डावीकडे जातं, आणि डाव्या कोपऱ्यातल्या सडलेल्या पत्र्यातून थेट क्रॉसमेंबरवर गळतं. मागच्या डाव्या पाट्यावरही तेच पाणी. गाडीची डावी बाजूच का खचली, याचं अर्धं उत्तर त्या एका भोकात होतं.

रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू दिलं. सकाळी चॅसी स्टँडवर घेतली, पुढची चाकं लोंबती सोडली आणि मगच पाना लावला. चाकं जमिनीवर असताना या बोल्टवर गाडीच्या त्या कोपऱ्याचा सगळा पीळ असतो. तसाच फिरवला तर आटे फाटतात, आणि तो निसटला तर अँकर आर्म हात मोडू शकतो.

दुसरा मोठा निर्णय इथे घ्यावा लागला. रॉकेलच्या फडक्याने डावा गज पुसताना मागच्या टोकाजवळ चार तिरक्या खुणा सापडल्या. पाइप पान्याच्या दातांच्या. बोल्ट हलत नव्हता म्हणून कुणीतरी गजच धरून पिळायचा प्रयत्न केला असावा. अंगठ्याचं नख फिरवलं तर प्रत्येक खाचेत अडकत होतं. पिळल्या जाणाऱ्या गजात सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर असतो, आणि तडा नेमका अशा खाचेतून सुरू होतो. गज आज तुटेल असं मी म्हणू शकत नव्हतो. तुटणार नाही असंही नाही. तो तुटला तर धावत्या गाडीचं पुढचं कोपरं एका क्षणात खाली बसतं. मी बदलायचं ठरवलं.

नव्या गजाची किंमत ऐकून मावशी गप्प झाल्या. संध्याकाळी भाचा सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या बाजारातून अर्ध्याहून कमी पैशांत एक गज घेऊन आला, दिसायला अगदी तोच. टोकावरचा रंग खरवडला तर खाली इंग्रजी आर कोरलेलं. उजवा होता. लांबी, जाडी, दातऱ्या सगळं सारखं असतं, तो डावीकडे बसतोही. पण कारखान्यात हे गज ज्या दिशेने काम करणार त्या दिशेने मुद्दाम मर्यादेपलीकडे पिळून सोडलेले असतात. त्यामुळे त्या एका दिशेने त्यांचा पृष्ठभाग जास्त ताण सोसतो. उलट बाजूला लावला तर तोच फायदा तोट्यात जातो आणि गज लवकर थकतो. शिवाय तो आधी कुठल्या गाडीत, किती वर्षं, कुणाच्या पान्याखाली गेला हे कोण सांगणार? भाच्याने तो परत केला. नवा डावा गज दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

उंची लावण्याचं काम कंटाळवाणं असतं आणि त्यात शॉर्टकट नाही. टायरमधली हवा सारखी, टाकी अर्धी, स्टेपनी जागेवर, हौदा रिकामा, जमीन सपाट. चाकं लोंबती ठेवून बोल्ट फिरवायचा, गाडी खाली घ्यायची, तीन-चार मीटर पुढे-मागे ढकलायची, बंपर दाबून तीनदा हलवायचा आणि मग मोजायचं. जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजलं तर टायर आत ओढलेले असतात आणि माप खोटं येतं. मोजायचंही मडगार्डपासून नाही. आर्मच्या आतल्या पिव्होट बोल्टची जमिनीपासूनची उंची आणि बॉल जॉइंटची उंची यांतला फरक धरायचा, म्हणजे टायरची झीज किंवा वाकलेला पत्रा मध्ये येत नाही. डावा बोल्ट हलवला की उजवी बाजूही दोन-तीन मिलिमीटर सरकते, म्हणून दोन्हीकडे थोडं थोडं. पाच फेऱ्यांनी दोन्ही बाजूंत ३ मिलिमीटरचा फरक राहिला, दोन्ही आकडे मॅन्युअलच्या मर्यादेत. रिबाउंड स्टॉपपाशी आता दोन बोटं जागा होती.

त्यानंतरच गाडी अलाइनमेंटला घेतली. डावा कॅम्बर धन १५ मिनिटं, उजवा धन २५, शिमला हातही लावावा लागला नाही. टो १ मिलिमीटर आत.

भरून तपासणी

पहिल्या भेटीत जे केलं नव्हतं ते आता केलं. मावशींकडून २०० लिटरचे चार निळे ड्रम मागवले, हौद्यात रोजच्या मालाच्या जागी ठेवले आणि वर्कशॉपच्या नळाने भरले. ८०० किलो, न सडणारा, न वितळणारा माल. भरायला पाऊण तास लागला, मुलं वैतागली. पण मागच्या बंप स्टॉपची अंतरं ७२ आणि ७५ आली, पुढचा झुकाव ५ मिलिमीटर आणि टो २ आत. भरलेली आणि रिकामी, दोन्ही गाड्या आता एकच गाडी होत्या.

मग मी भाच्याला विचारलं, रोज खरंच एवढंच असतं ना? तो मावशींकडे बघू लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे भरलेली गाडी त्यांनी वजनकाट्यावर नेली. आरसी बुकातल्या एकूण वजनापेक्षा सुमारे ३०० किलो जास्त. रोज नाही, पण शनिवार-रविवारी आणि बुधवारी. पाटा तुटायला खारं पाणी आणि खड्डे जेवढे कारण, तेवढंच हेही.

परिणाम

५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायला गाडी आली. खेचणं गेलं होतं. भाचा म्हणाला, पुढून मऊ वाटते, सवय व्हायला वेळ लागेल. तीन महिन्यांनी टायर मोजले: आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या झिजेत आधीच्या फरकात नवी भर पडलेली नव्हती. ओल्या रस्त्यावरचा ब्रेक आम्ही पाणी मारलेल्या मोकळ्या जागेत तपासला, गाडी सरळ थांबली. एक गोष्ट मात्र वाचली नाही. डावा वरचा बॉल जॉइंट दोन महिने टोकाच्या कोनात चालून सैल झाला होता, तो डिसेंबरात बदलावा लागला.

हौद्याचा सडलेला कोपरा कापून पत्रा लावला आणि तिथून एक रबरी नळी चॅसीच्या बाहेर काढली, म्हणजे पाणी रस्त्यावर पडतं, लोखंडावर नाही. जादा वजनाबाबत अर्धंच यश आलं. मावशी आता रविवारी दोन खेपा करतात. बुधवारी करत नाहीत, आणि तसं त्या मला सरळ सांगतात.

आज काय वेगळं करेन

पहिल्या दिवशी पावतीच्या मागे लिहून मी स्वतःचं समाधान करून घेतलं होतं. ती पावती कुणी वाचली नाही. ज्या गाडीचा बोल्ट कुणीतरी फिरवला आहे ती मी आता उंची मोजल्याशिवाय रॅम्पवर घेत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर पैसे न घेता परत पाठवतो. त्यात चार गाड्या हातच्या जातात, हे खरं आहे.

मालवाहू गाडी आली की पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: भरल्यावर कशी दिसते? शक्य असेल तर भाच्यासारख्यांना सांगतो, पहाटे माल भरल्यावर मागून आणि पुढून एकेक फोटो काढून पाठव. मडगार्डच्या रेषेवरून झुकाव फोटोतही कळतो. मावशींनी तेव्हा तो फोटो पाठवला असता तर तुटका पाटा तीन आठवडे आधी सापडला असता, आणि डावा बॉल जॉइंट कदाचित वाचला असता.

धक्क्याजवळच्या मिस्त्रींना मी नंतर भेटलो. तुटलेला पाटा सोबत नेला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, सेंटर बोल्टपाशीच का तुटतो? भोकामुळे तिथलं पोलाद कमी होतं आणि यू-बोल्ट सैल झाला की त्या जागी पाटा वाकायला लागतो, असं मी सांगितलं. आता त्यांच्याकडे गाडी झुकलेली आली की ते आधी यू-बोल्टवर पाना लावून बघतात, असं भाच्याने सांगितलं.

दोन्ही ॲडजस्टिंग बोल्टवर आणि क्रॉसमेंबरवर मी एक पिवळी ऑइलपेंटची रेघ मारली आहे, बोल्टवरून लोखंडावर सलग. कुणी पाव फेरा जरी फिरवला तरी रेघ तुटलेली दिसेल. मेअखेरीला, बंदी सुरू व्हायच्या आधी, मावशी बुश बदलायला गाडी चार दिवस सोडून गेल्या तेव्हा मी खाली जाऊन आधी तीच पाहिली. मिठाने जरा फिकट झाली होती, पण दोन्हीकडे सरळ होती.